मधली कॉइल

तिने दोन्ही रेषा पडद्यावर एकावर एक ठेवल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

एक रेषा विजेच्या लहान धक्क्याची, दुसरी पूर्ण धक्क्याची. मापं सारखी करून घेतली की दोन्ही एकमेकींत विरून जायला हव्यात. ट्रान्सफॉर्मर आतून धडधाकट असेल तर तो लहान धक्क्याला जसा वागतो तसाच मोठ्यालाही वागतो, फक्त सगळं त्या पटीत वाढतं. व्होल्टेजच्या रेषा तशा विरल्याही. त्यांच्या खाली करंटच्या रेषा होत्या. वाइंडिंगमधून, म्हणजे आतल्या तांब्याच्या वेढ्यांतून, वाट काढत जमिनीत उतरणारा करंट काय सांगतो ते या रेषांत कळायचं. त्याही सुरुवातीला हातात हात घालून चालल्या. मग पहिला उतार लागायच्या जरा आधी, मोठ्या धक्क्याच्या रेषेवर एक सुरकुती दिसली. घाईत इस्त्री केली की कॉलरखाली राहून जाते, तेवढीशी.

"झालं?" मागून साहेबांनी विचारलं. टेस्टिंग विभागाचे ते मुख्य. एक हात आधीच फोनवर होता, माल पाठवायला ट्रेलर मागवायचा म्हणून.

"अर्थिंग तपासून येते."

"सकाळीच तपासलंत की."

"परत एकदा बघते."

ती काचेच्या खोलीतून खाली हॉलमध्ये उतरली. मधोमध राखाडी रंगाचा ट्रान्सफॉर्मर उभा होता, बिऱ्हाड मावेल एवढा. त्याच्या शेजारी इम्पल्स जनरेटरचा मनोरा, मजल्यावर मजले चढवलेला, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन चकचकीत गोळे. हा मनोरा सावकाश भरत जायचा आणि मग सगळे गोळे एकदम कडाडून पेटायचे. तारेवर वीज पडली की ट्रान्सफॉर्मरच्या वाट्याला जे येतं, ते या हॉलमध्ये हवं तेव्हा, हवं तेवढं मोजून देता येत असे. तिने तांब्याची प्रत्येक पट्टी ओढून पाहिली, मोजमापाची केबल बदलली, नटबोल्ट पुन्हा आवळले.

जाळीपलीकडे वाइंडिंग शॉपची, कॉइल गुंडाळणारी माणसं जमली होती. टेस्ट असली की चहाचा ग्लास घेऊन बघायला यायची त्यांची रीतच होती. सगळ्यांत पुढे, हाताची घडी घालून, आई.

आईने भुवई वर केली. काय गं?

तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि जिना चढली.

भोंगा झाला. लाल दिवा लागला. मनोरा भरत गेला आणि कडकडाट झाला तशी खोलीची काच थरथरली. तिने नवी रेषा जुन्या रेषेवर ठेवली. सुरकुती तिथेच होती. उलट आता जरा ठसठशीत.

गिऱ्हाइकाकडून टेस्ट पाहायला आलेले निरीक्षक कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठले. वयस्कर, सावकाश बोलणारा माणूस. चष्मा पुसून त्यांनी पडद्यावर बराच वेळ डोळे लावले.

"मला तर जुळल्यासारखंच वाटतंय," ते म्हणाले.

"जुळलंच आहे," साहेब लगेच म्हणाले. "एवढा तेवढा फरक मोजणीतही येतो. काय मॅडम?"

साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. असा फरक मोजणीतही येतो. पण तेव्हा तो जागा बदलतो, एकदा इथे दिसतो, एकदा तिथे. हा घर करून बसला होता. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते आणि काचेपलीकडून, खूप खालून, आईसुद्धा.

"नाही जुळत," ती म्हणाली. "हे आतलं आहे. वरच्या टोकाजवळ कुठेतरी इन्सुलेशन फुटलंय. लहान धक्क्याला तेल ते भोक झाकून घेतंय, मोठ्या धक्क्याला पुन्हा फुटतंय. नापास आहे."

निरीक्षकांनी मान डोलावली. साहेबांनी फोन खिशात टाकला. मग ते तिच्या खुर्चीजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तीन कॉइलींपैकी टेस्टला मधली होती. मधली कोणाची आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

* * *

शॉपमध्ये आईला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत ती कधी शिकवायला गेली नव्हती, पण कमरेला पोलादी पट्टी खोचलेली असे आणि कुणाचा कागद केसभर सरकलेला दिसला की ती पट्टी टेबलावर फाडकन वाजायची. तिच्यापाशी शिकलेल्या पोरीबाळी आता स्वतः कॉइल गुंडाळत होत्या, कुणी सासू झाली होती, तरी पट्टीचा आवाज झाला की अजून दचकायच्या.

नम्रपणा आईच्या अंगात औषधालाही नव्हता. "माझी कॉइल आजवर परत आलेली नाही," हे ती नव्या माणसाला नावाआधी सांगे. पावसाळी ढग गडगडू लागले, दूर माळावर वीज उतरली की शेजारच्या बायका मेणबत्त्या शोधत. आई खिडकीत जाऊन उभी राहायची. "पडू दे, पडू दे. तिकडच्या सबस्टेशनात माझी कॉइल बसलीय." आणि दिवा हललाही नाही की असा चेहरा करायची, जणू आभाळाने तिच्याशी पैज लावली होती.

लेकीला हे शास्त्र पुस्तकातून कळण्याआधी आईकडून कळलं होतं. पेन्सिलीवर कागदाची पट्टी गुंडाळायला शिकवताना आई सांगायची, "हे बघ, वीज तारेवरून आली की तिला भारी घाई असते. दारातून आत शिरली की पहिल्याच खोलीत सगळी गर्दी करते. पहिल्या वेढ्यांवरच सगळा भार. तिथला कागद फुटला की संपलं. म्हणून आपण वेढे साधे एकापुढे एक घालत नाही. एक इथला, एक तिथला, असे एकमेकांत ओवायचे. म्हणजे ती गर्दी आपोआप घरभर पांगते. कुणा एकाच्या छातीवर बसत नाही." पुढे कॉलेजात तीच गोष्ट फळाभर गणितं मांडून शिकवली, तेव्हा वर्गात तिला एकटीला हसू फुटलं होतं.

ही मधली कॉइल आईची शेवटची होती. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती. कॉइल पुरी झाली तेव्हा तिने शॉपमधल्या सगळ्यांना बोलावून ती दाखवली होती. कुणी नवी सून दाखवावी, तशी.

* * *

जिन्याच्या पायथ्याशीच आई उभी होती. बाकीची मंडळी हळूच पांगली होती.

"काय झालं?"

"मधली नापास झाली."

"कोण म्हणतं?"

"मी."

आईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शॉपमध्ये नव्याने आलेल्या मुलीकडे पाहायची, तसं.

"कॉइलमधून बाहेर येणारी लीड असेल," आई म्हणाली. "नाहीतर टाकीवरचं चिनी मातीचं बुशिंग. हॉलमध्ये आणताना हललं असेल काहीतरी."

"असेल. उघडल्यावर कळेल."

"उघडा. उघडा ना. कोण नको म्हणतंय?" आणि कमरेची पट्टी सारखी करत ती शॉपकडे निघून गेली. पाठ नेहमीसारखीच ताठ होती.

रात्री घरी तिघं जेवायला बसली. तिचे वडील शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन होतं आणि दोघींच्या नोकऱ्यांतले सगळे शब्द त्यांना कापडाच्या नावांसारखे पाठ झाले होते. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"तुम्ही दोघी दोन फेज," ते म्हणाले. "तापा किती तापायचं ते. मी आपला न्यूट्रल."

"बाबा, बिघाड न्यूट्रलमध्येच आधी दिसतो," ती म्हणाली.

"मग दिसतोय की मला."

आईने भांडं जरा जोरात खाली ठेवलं. "अहो, बिघाड कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही. उगीच वाजवू नका."

"बरं."

"आणि सापडला, तर माझ्या कॉइलमध्ये सापडणार नाही."

आईची समजूत काढणं लेकीला जमलं असतं. कदाचित बुशिंगच असेल, असं नुसतं म्हटलं असतं तरी घर जरा सैल झालं असतं. पण ती सुरकुती तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आईच्या समोर त्या सुरकुतीबद्दल खोटं बोलायचं म्हणजे पट्टी टेबलावर वाजलीच असती.

* * *

तेल काढलं, टाकी उघडली. लीड शाबूत होती. बुशिंग स्वच्छ निघालं. क्रेनने मधली कॉइल उचलून वाइंडिंग शॉपमध्ये आणली, तेव्हा उलगडायला दोन माणसं नेमलेली होती. आईने त्यांना बाजूला केलं.

"मी गुंडाळलीय. मीच सोडवणार."

साहेबांनी टेस्टिंगमध्ये लेकीला निरोप पाठवला. ती आली तेव्हा आई स्टुलावर बसली होती, बाह्या वर केलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. कॉइलच्या, तेलाने काळसर झालेल्या चकत्या वरून खाली एकेक मोकळ्या होत होत्या. तांब्याच्या चपट्या पट्ट्या, त्यांवर कागदाचे थर, आणि जिथे एका चकतीतला वेढा दुसरीत ओवला होता तिथे तांब्याचा सांधा जोडून, घासून, वर हाताने कागद गुंडाळलेला. मशीनला जमत नाही असं हे काम. प्रत्येक सांधा आईच्या हातचा.

पहिला सांधा चांगला निघाला. आईने वर पाहिलं नाही. दुसराही चांगला. तिसऱ्या सांध्याचा वरचा कागद सुटला आणि आईचा हात थांबला.

कागदावर एक ठिपका होता. मोहरीएवढा, काळा.

शॉपमधलं एक मशीन कुणीतरी बंद केलं. मग दुसरं. आईने पुढचा थर काढला. ठिपका जरा मोठा झाला. त्याच्या आतला थर काढला, तो आणखी मोठा. थर काढताना तिची बोटं सावकाश चालली होती, झोपलेल्या बाळाची टोपी काढावी तशी. शेवटचा थर सुटला आणि तांबं उघडं पडलं. आईने चष्मा वर ढकलला, सांध्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा. परत उलटं.

"हाताखालची मुलगी होती का सांधा घासायला?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरोखरच मदत करायची होती. "किंवा कानस घासलेली असेल. तांब्याचा हा लॉटही जरा..."

"कानस चांगली आहे," आई म्हणाली. "सांधा माझा आहे."

मग तिने मान न वळवताच हाक मारली. "इकडे ये. नख लाव इथे."

ती स्टुलाशेजारी गुडघ्यांवर बसली. तिने नख फिरवलं. काहीच लागलं नाही.

"हळू. घाई नको."

तिने पुन्हा फिरवलं. नाही. मग आईने तिचं बोट आपल्या हातात धरलं, तेलकट, खरखरीत हातात, आणि कडेवरून नेलं. एका जागी नखाला काहीतरी अडलं. काटाही म्हणता येणार नाही असं काही. धान्याच्या कुसळाचं टोक असावं, तसं. तांबं घासताना मागे राहिलेलं. मोठा धक्का आला की सगळा ताण याच टोकावर येऊन कागदाला टोचत होता.

"लागलं?"

"लागलं."

आईने पदराने सांध्यावरचं तेल पुसलं. तिचा चेहरा आधी ओढला गेला, एकदम वय दिसलं. मग हळूहळू त्यात काहीतरी बदललं. तिने लेकीकडे पाहिलं, मग टेस्टिंगच्या हॉलकडे, जिथून इथवर मधे दोन भिंती होत्या, आणि ही कॉइल तर तेव्हा लोखंडी टाकीत, तेलात बुडालेली होती.

"हे तू बाहेरून पाहिलंस?"

"पाहिलं म्हणजे... रेषेत दिसलं."

"मला नख लावून धड लागत नाही," आई म्हणाली. "आणि तू बाहेरून पाहिलंस."

ती उठली. कमरेची पट्टी उपसून तिने टेबलावर फाडकन वाजवली आणि सगळा शॉप दचकला.

"अरे, या रे सगळे! या गं! लांबून काय बघताय? मास्तरणीच्या कॉइलमध्ये चूक सापडलीय, अशी संधी परत यायची नाही. एकेकाने नख लावून बघा. आणि हे एवढंसं टाकीत असताना माझ्या लेकीने पकडलंय. लागेपर्यंत कुणी उठायचं नाही."

आणि रांग लागली. आई शेजारी उभी राहून प्रत्येकाचं बोट धरून नेत होती. साहेबांनाही तिने सोडलं नाही. त्यांना तीनदा फिरवूनही काही लागलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या साहेब, तुमची नखं ऑफिसची आहेत," आणि पहिल्यांदा शॉपमध्ये कुणीतरी हसलं.

* * *

निरोपाचा कार्यक्रम आईने स्वतःच पुढे ढकलायला लावला. कॉइल पुन्हा गुंडाळायला दुसरं कुणी बसेल, तुम्ही आता आराम करा, असं तिला सांगून पाहिलं. त्यावर तिने नुसतं बघितलं, आणि सांगणारा आपोआप निघून गेला.

काम सुरू असताना घरी ती कमी बोलायची, पण तो अबोला निराळा होता. जेवताना मधेच हात थांबायचा आणि अंगठा बोटावर फिरायचा. वडिलांनी एकदा शिवायला घेतलेल्या कोटाची कड तिच्यापुढे धरली. "हे बघ जरा, कुठे खुपतं का." तिने डोळे मिटून कड तपासली आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे खरंच टाका सुटला होता. वडिलांनी तो उसवला.

कॉइल पुरी झाली, सुकवली, टाकीत गेली, तेल भरलं. टेस्टच्या आदल्या दिवशी साहेबांनी लेकीला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या दुसऱ्या कुणालातरी बसवू या," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. मागच्या वेळी तुम्ही नापास केलीत, ते ठीक. उद्या पास झाली तर कुणीतरी म्हणणार, आईची होती. आणि परत नापास झाली तर... तुम्हालाच जड जाईल."

साहेब मनापासून बोलत होते. तेवढ्यात दार न वाजवता आई आत आली. बातमी कशी पोचली कुणास ठाऊक, पण शॉपमध्ये बातम्या विजेहून लवकर पोचत.

"साहेब, टेस्ट हीच घेणार."

"मास्तरीणबाई, मी तुमच्याच भल्यासाठी..."

"माझ्या भल्यासाठीच सांगतेय. दुसऱ्या कुणी पास केली, तर मी ती पास समजणार नाही." एवढं बोलून ती वळली. दारात थांबून लेकीला म्हणाली, "आणि तू, डोळ्यांत तेल घालून बघ. माझ्याकडे बघत बसू नकोस." आणि गेली.

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगीच फिरवला. "घरीही अशाच असतात का?"

"घरी जास्त," ती म्हणाली.

* * *

दुसऱ्या दिवशी जाळीपलीकडे पाय ठेवायला जागा नव्हती. वडीलही आले होते, गेटवर खास परवानगी काढून, टेप गळ्यातच विसरून. निरीक्षक आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. आई सगळ्यांत पुढे, हाताची घडी घालून.

लहान धक्का दिला. रेषा उमटली. मग पूर्ण धक्का. मनोरा कडाडला, वडिलांनी कान झाकले. तिने रेषा रेषेवर ठेवली आणि श्वास न सोडता डावीकडून उजवीकडे नजर नेली. पहिला उतार. त्याच्या आधीची जागा. तिथे ती थांबली, पडदा मोठा केला, आणखी मोठा केला.

एकच रेषा होती.

ठरलेले सगळे धक्के झाले. प्रत्येक वेळी एकच रेषा. तिने खुर्ची मागे सारली आणि निरीक्षकांकडे पाहिलं. ते आधीच उठून उभे होते.

"आज मला चष्माही पुसावा लागला नाही," ते म्हणाले. "पास."

साहेबांचा हात फोनकडे गेला. काचेपलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ती काचेजवळ गेली आणि अंगठा वर केला. हॉलभर गलका उठला, वडिलांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

आई तशीच उभी होती. तिने हाताची घडी सोडली आणि एक बोट वर केलं.

"काय म्हणताहेत त्या?" निरीक्षकांनी विचारलं.

"अजून एक," ती म्हणाली. "अजून एक धक्का द्या म्हणतेय. पूर्ण."

"कशाला?" साहेब जवळजवळ ओरडले. "नियमात आहेत तेवढे झाले. पास झालंय. उगीच हातचं... मॅडम, तुम्ही सांगा त्यांना."

तिने खाली पाहिलं. आईचं बोट अजून वरच होतं. चेहऱ्यावर काकुळती नव्हती, रागही नव्हता. खिडकीत उभी राहून ढगांकडे बघायची, तोच चेहरा होता.

"माझी हरकत नाही," निरीक्षक म्हणाले आणि पुन्हा बसले. "घरून निघताना मी कापूस आणलाय कानात घालायला."

तिने भोंगा दिला. गलका थांबला. लाल दिवा लागला, मनोरा भरू लागला आणि तिने किल्लीवर हात ठेवला.

कडकडाट झाला.

रेषा पडद्यावर उमटली. ती मोठी करायच्या आधी तिने एकदाच, सांगितलेलं मोडून, काचेतून खाली पाहिलं. सगळ्यांची तोंडं वर, तिच्या खोलीकडे लागली होती, वडिलांचंही. आई मात्र गर्दीतून वाट काढत शॉपकडे निघाली होती, पदर खोचत, शेजारून चाललेल्या कुणालातरी काहीतरी सांगत. निकालासाठी ती थांबलीच नव्हती.